पाणथरीच्या गाठीला कोणती सुई? ठाण्यात मिळणाऱ्या सामानाचा आढावा

कुत्र्याच्या पाणथरीत, म्हणजे स्प्लीनमध्ये, गाठ दिसली आणि सुईने पेशी काढायचं ठरलं, की बहुतेक कुत्र्यांना 23 गेजची दीड इंची, निळ्या हबची (हब म्हणजे सिरिंजला बसणारा मागचा प्लॅस्टिकचा भाग) साधी सुई पुरते. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. रॉटवायलर, जाड लॅब्रॅडॉर, गुबगुबीत गोल्डन यांच्यासाठी 22 गेजची स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात भूल द्यायची लांब सुई घ्यावी. सिरिंजच्या पाकिटात आयती येणारी 24 गेजची एक इंची सुई पॉमेरेनियन, पग अशांपुरती ठेवावी. 20 गेज किंवा त्याहून जाड सुई पाणथरीत घालूच नये. ट्रू-कट या बायोप्सीच्या जाड सुईने पाणथरीचा तुकडा काढणारे आहेत आणि सरावलेल्या हातात ते जमतंही, पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ती जोखीम घ्यावी असं आम्हाला वाटत नाही.

हा आढावा सुया, सिरिंज, स्लाइड आणि रंग यांचा आहे. ठाणे स्टेशन ते नौपाडा या पट्ट्यातल्या सर्जिकलच्या दुकानांत एका फेरीत गोळा होणारं हे सामान. सोनोग्राफीचं मशीन लाखांचं असतं म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, आणि नमुना वाया जातो तो काही रुपयांच्या सुईमुळे किंवा धुरकट स्लाइडमुळे. चुकीची सुई घेतली तर नमुना जातोच, वर पाणथरीला ओरखडाही बसतो. पाणथरी म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज, वर पातळ आवरण. त्या आवरणाला एक बारीक भोक पडलं तर ते आपोआप बुजतं, पण चीर गेली तर बुजत नाही. सामान निवडताना आधी हे डोळ्यासमोर ठेवावं.

सुईबद्दल बोलण्याआधी, ट्रे कधी उघडायचाच नाही ते. पोटात रक्त साचलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, सोनोग्राफीत पाणथरीवर पोकळ्या-पोकळ्यांची मोठी गाठ आहे, तर सुई घालू नका. पोटातलं मोकळं रक्त थोडं काढून त्याचा पीसीव्ही (लाल पेशींचं प्रमाण) शिरेतल्या रक्ताशी ताडून बघा, कुत्र्याला सावरा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घ्या. हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून होणारा कॅन्सर, सुईला फारसा सापडतच नाही. त्याच्या पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या धाग्यांना धरून बसतात, सुटत नाहीत, आणि पोकळीत सुई गेली की हाती येतं ते नुसतं रक्त. अशा स्लाइडवर ‘रक्तमिश्रित, निदान नाही’ असा शेरा मिळतो आणि घरच्यांना वाटतं कॅन्सर नाही. हा गैरसमज फार महागात पडतो. सायटॉलॉजीत, म्हणजे सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत, कॅन्सर दिसला नाही म्हणजे कॅन्सर नाही, असं पाणथरीच्या बाबतीत कधीच म्हणू नये. सायटॉलॉजी आणि नंतरची हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या अवयवाच्या तुकड्याची तपासणी) यांचं उत्तर ताडून पाहिलेल्या अभ्यासांत ते दहापैकी सहाच्या आसपासच जुळलेलं दिसतं.

जुना ठोकताळा असा, की पाणथरीच्या गाठींपैकी दोनतृतीयांश घातक आणि त्यातल्या दोनतृतीयांश हिमँजिओसार्कोमा. तो मुख्यतः फुटलेल्या, रक्तस्राव झालेल्या गाठींना लागू पडतो. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली आणि न फुटलेली गाठ सहज दिसली, तर ती साधी निघण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते. गाठाळ वाढ, साकळलेलं रक्त, पाणथरीतच रक्तपेशी तयार होणं, असं काहीतरी. म्हणून एकच मोठी गाठ, छातीचा एक्स-रे साफ, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर काही नाही, कुत्रा भूल सोसेल असा, अशा वेळी सुईच्या उत्तराने बेत बदलणार नसेल तर थेट पाणथरी काढून हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवणं जास्त सरळ.

मग सुई कशासाठी? पाणथरी सगळीच सुजलीय, ठिपकेदार दिसतेय. छोट्या-छोट्या घन गाठी अनेक आहेत. लिम्फोमा, मास्ट सेल ट्यूमर, हिस्टिओसायटिक सार्कोमा या कॅन्सरचा संशय आहे. यांच्या पेशी सुईत भराभर सुटून येतात आणि बऱ्याचदा स्लाइडवरच निदान होतं. कातडीवर मास्ट सेलची गाठ असलेल्या कुत्र्यात आजार पाणथरीपर्यंत पोचलाय का, हे बघायलाही हाच मार्ग. इथे 23 गेजची सुई पोट उघडणं वाचवते.

आपल्याकडे यात एक मोठी भानगड आहे ती गोचीड तापाची. ठाण्यात, येऊरच्या पायथ्यापासून घोडबंदरपर्यंत, एर्लिचिया आणि बॅबेसिया या गोचीड तापाच्या जंतूंच्या नावांची सवय झालेली आहे. या दोन्हींत पाणथरी सुजते आणि प्लेटलेट उतरतात. म्हणजे जिथे सुई घालावीशी वाटते तिथेच रक्त गोठायची पंचाईत. सुजलेली पाणथरी, ताप आणि कमी प्लेटलेट अशी तिकडी दिसली तर आधी ब्लड स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघा, जंतू ओळखायला पीसीआर पाठवा, औषध चालू करा. पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी केली तर पुष्कळदा सुईची गरजच उरत नाही.

प्लेटलेटच्या मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. गठ्ठे झाले की मशीन कमी मोजतं. स्मिअरच्या पातळ टोकाला गठ्ठे आहेत का ते बघा, मग एका थरात पसरलेल्या जागी मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली मोजा. एका फील्डमधली (भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागातली) एक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने 15 ते 20 हजार. सरासरी तीन दिसल्या तर 50 हजारांच्या आसपास, आणि तीच आमची खालची मर्यादा. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्लेटलेट कमी असलेल्या कुत्र्यांच्या पाणथरीतही बारीक सुई घातली होती आणि रक्तस्रावाचा त्रास झाला नव्हता. तेव्हा आकडा थोडा खाली असला म्हणून घाबरून जाऊ नये, पण त्याच्या जोरावर बेफिकीरही होऊ नये. पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या चाचण्या, माणसांच्या लॅबमध्ये पाठवत असाल तर एक लक्षात ठेवा: कुत्र्याचा एपीटीटी मुळात माणसापेक्षा कमी सेकंदांचा असतो, त्यामुळे माणसांच्या रेंजमध्ये लांबलेला आकडाही नॉर्मल छापून येऊ शकतो. शक्य असेल तर सोबत एका निरोगी कुत्र्याचं रक्त ताडून बघायला पाठवा. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, अर्धवट भरली तर वेळ खोटाच लांबतो. डॉबरमन असेल तर वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला ब्लीडिंग टाइमही बघा, त्या जातीत व्हॉन विलब्रँड हा रक्त नीट न थांबण्याचा दोष सर्रास आढळतो आणि तो पीटी-एपीटीटीत सहसा सापडत नाही.

आता सुया, आणि इथे जरा गणित करू.

पडद्यावर गाठ कातडीपासून 2.5 सेंटिमीटर खोल दिसतेय. सुई सरळ खाली जात नाही. प्रोबच्या (सोनोग्राफीचं पोटावर टेकवायचं टोक) कडेने साधारण 45 अंशात तिरकी जाते, म्हणजे तिची खरी वाट 2.5 गुणिले 1.4, साडेतीन सेंटिमीटर. एक इंची सुई जेमतेम 2.5 सेंटिमीटर लांब, ती या कोनात 1.8 सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोचते. दीड इंची सुई 3.8 सेंटिमीटरची, तिची पोच 2.7. साडेतीन इंची स्पायनल जवळजवळ 9 सेंटिमीटर, तिची पोच 6 च्या वर. प्रोब दाबून धरला की एखादा सेंटिमीटर कमी होतो, पण त्या हिशोबावर सुई निवडू नये, कारण कुत्र्याने पोट ताठ केलं की तो सेंटिमीटर परत येतो.

आखूड सुईने काय बिघडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. टोक गाठीपर्यंत पोचत नाही म्हणून हात हब कातडीत दाबतो. टोक पाणथरीच्या आवरणाशी जेमतेम अडकतं. कुत्रा श्वास घेतो, पाणथरी एक-दीड सेंटिमीटर मागे-पुढे सरकते, सुई मात्र हातात घट्ट, आणि मग आवरण टोकावर ओरबाडलं जातं. चीर पडते ती अशी. गाठीत पुरेशी आत गेलेली लांब, बारीक सुई श्वासाबरोबर थोडी डुलते, ओरबाडत नाही. लांब सुई म्हणजे जास्त धोका हा समज उलटा आहे.

जाडीचं म्हणाल तर 22 गेज 0.7 मिलिमीटर, 23 गेज 0.6, 24 गेज 0.55, 25 गेज 0.5. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पाणथरीत तो रक्ताच्या प्रमाणात लगेच दिसतो. जाड सुईने पेशी जास्त येतील हा हिशोब लिपोमाला, म्हणजे चरबीच्या गाठीला ठीक, इथे नाही. इथे जाड सुई रक्तच जास्त आणते आणि पेशी त्यात विरून जातात. 25 गेज नारिंगी सुई रक्ताळ पाणथरीला फार छान आहे, पण दुकानात ती बहुधा एक इंचीच मिळते आणि जाड कातडीतून जाताना वाकते. मांजर आणि छोट्या कुत्र्यांसाठी मात्र ती जरूर ठेवावी.

23 गेज दीड इंची सुईला आमचा कौल का, तर लांबी पुरते, पडद्यावर टोक नीट चमकतं, वाकत नाही आणि हब पारदर्शक असतं. हे शेवटचं फार कामाचं. त्या हबमध्ये पहिली लाल रेघ उमटली की थांबायचं. हब रंगीत पण अपारदर्शक असलेल्या सुयांचेही डबे मिळतात, त्या इंजेक्शनला चालतील, या कामाला नकोत. डबा घेताना एक सुई उजेडात धरून बघा.

स्पायनल सुईचा फायदा तिच्या आतल्या तारेत आहे. तार आत असताना कातडीखालची चरबी सुईत शिरत नाही, गाठीत पोचल्यावर तार काढायची. तोटा असा, की 22 गेजची साडेतीन इंची सुई लवचीक असते, घट्ट कातडीत थोडी वळते आणि टोक पडद्याच्या रेषेबाहेर जातं. कातडीला आधी 18 गेजच्या सुईने नुसतं वरवर भोक पाडून घेतलं तर ती सरळ जाते. दुकानात मागताना क्विंकी टोकाची मागा. भूलतज्ज्ञ वापरतात ती पेन्सिल पॉइंटची सुईही त्याच शेल्फवर असते, पण तिचं टोक बंद आणि भोक बाजूला. तिने पेशी कापल्या जात नाहीत, नुसत्या बाजूला सारल्या जातात. पाकिटं जवळजवळ सारखीच दिसतात, म्हणून वाचून घ्या.

सिरिंज: 5 मिलीची, ल्युअर लॉकची, म्हणजे सुई पिळून घट्ट बसते ती. ओढण्यासाठी नाही, ढकलण्यासाठी. पाणथरीत सिरिंज लावून ओढू नये हे आमचं ठाम मत, आणि 2009 मधला एक तुलनात्मक अभ्यासही तेच सांगतो: कुत्र्या-मांजरांच्या पाणथरीत न ओढता नुसती सुई हलवून घेतलेल्या नमुन्यांत पेशी जास्त आल्या. साधी ल्युअर स्लिपची सिरिंज, जिच्यावर सुई नुसती दाबून बसवतात, ती स्लाइडवर दाब देताना कधीकधी सुईसकट सुटते, सुई उडते आणि नमुना टेबलावर. स्लिपच असेल तर हब बोटांत धरून ठेवा. दुसरा पर्याय म्हणजे थ्री-वेसोबत (सलाइनची तीन तोंडांची चावी) मिळणारी 10 सेंटिमीटरची एक्स्टेंशनची नळी. सुईला ती लावायची, दुसऱ्या टोकाला हवा भरलेली सिरिंज. सुई पेनासारखी हलकी धरता येते, आणि नमुना आल्यावर सिरिंज जोडायला धावपळ होत नाही. सुई बाहेर आल्यापासून रक्त गोठायला लागतं, तेव्हा हे काही सेकंद मोलाचे आहेत. अर्ध्या किंवा एक मीटरची प्रेशर लाइन मात्र नको, हवा त्यातच दबून राहते आणि थेंब पडत नाही.

भुलीबाबत एकच पण महत्त्वाची गोष्ट. एसप्रोमॅझिन देऊ नका. त्याने पाणथरी रक्ताने फुगते आणि रक्तदाब उतरतो. पेशींत रक्त मिसळतं आणि रक्तस्राव झाला तर शरीराला सावरायला कठीण जातं. ब्युटॉर्फॅनॉल, 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम दर किलोला, शांत कुत्र्याला पुरेसं होतं. धापा टाकणाऱ्या कुत्र्यात सुई घालणं टाळा. एसी लावा, दहा मिनिटं थांबा, घरच्या माणसाला डोक्याशी उभं करा. शिरेत कॅथेटर आधीच लावलेलं असावं, आठ तास उपाशी असावा म्हणजे पोटात गॅस आणि अन्न कमी. उजव्या कुशीवर झोपवून डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागे केस काढा.

जेल. सुई जाण्याच्या जागी सोनोग्राफीचं जेल अजिबात नको. सुईच्या टोकाला लागलेला जेलचा कण स्लाइडवर रंगवल्यावर जांभळट-गुलाबी दाणेदार राळ होऊन पसरतो आणि पेशी झाकतो. नवख्याला तो मृत पेशींचा गाळ वाटतो. प्रोबवर जेल घाला, वर निर्जंतुक हातमोजा चढवा आणि हातमोज्याच्या बाहेरून स्पिरिट किंवा सलाइन वापरा. रोज थेट स्पिरिट लागून प्रोबचं रबर खराब होतं, तेही यात वाचतं.

कलर डॉपलर लावून वाटेत रक्तवाहिनी नाही ना हे बघा, पाणथरीच्या देठाच्या बाजूला जाऊ नका. पोकळ भाग टाळा, घन भाग निवडा. गाठीच्या मधोमध बहुधा मेलेल्या पेशी असतात म्हणून कडेचा घन भाग बरा. प्रोबच्या कडेपासून साधारण अर्धा-एक सेंटिमीटर अंतरावरून, सुईचं कापलेलं तोंड प्रोबकडे ठेवून आत जा. पूर्ण सुई पडद्यावर दिसली पाहिजे. टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही, प्रोब हलवून टोक शोधायचं. टोक गाठीत आलं की एकाच रेषेत पाच-सात वेळा भराभर मागे-पुढे, शिवणयंत्राच्या सुईसारखं, दोन-तीन सेकंदांत संपवायचं. दिशा बदलायची असेल तर पाणथरीच्या बाहेर येऊन बदला, आत असताना सुई वाकवून दुसरीकडे नेणं म्हणजे आवरण कापणं. हबमध्ये रक्त दिसलं तर तिथेच थांबा, आणखी हलवून फक्त रक्तच वाढतं. वेगवेगळ्या जागी तीन सुया, प्रत्येक वेळी नवी.

सुईत किती येतं? 23 गेज दीड इंची सुईच्या पोकळीत जेमतेम 3-4 मायक्रोलीटर मावतं. सगळं निदान तेवढ्या ओलाव्यात असतं. हब रिकामं दिसतं म्हणून ‘काही आलं नाही’ असं समजून सुई फेकू नका. स्लाइडवर हवा मारली की राखाडी-गुलाबी, साखरेच्या पाकासारखा चिकट असा मोहरीएवढा ठिपका पडतो. तोच हवा असतो. लाल, पातळ, पळणारा थेंब पडला तर रक्तच आलं समजा.

स्लाइडवर मात्र हात आखडू नका. कडा घासलेल्या, एका टोकाला पांढरट खरखरीत पट्टी असलेल्या घ्या. ‘प्री-क्लीन्ड’ लिहिलेलं असलं तरी पावसाळ्यात उघडलेल्या डब्यातल्या स्लाइडवर धुरकट थर येतो, स्लाइड एकमेकींना चिकटतात. मिथेनॉलने पुसून, वाळवून घ्या. डबा झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवला तर हा त्रास बराच टळतो. खरखरीत पट्टीवर पेन्सिलनेच लिहा, पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

ठिपक्यावर दुसरी स्लाइड अलगद ठेवा, तिच्याच वजनाने थेंब पसरू द्या, मग न दाबता सरळ ओढा. लिम्फोसाइट फार नाजूक. अंगठ्याचा दाब पडला की केंद्रकं फुटून जांभळे धागे होतात, आणि लिम्फोमा आहे की नाही हे ठरवणाऱ्या पेशी त्याच. थेंब रक्ताळ असेल तर ब्लड स्मिअरसारखं ओढा आणि टोकाकडची कड जपा, पेशींचे गठ्ठे तिथे जमतात.

वाळवणं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यातल्या हवेत स्लाइड पटकन वाळत नाही. हळू वाळली की पेशी आक्रसतात, केंद्रकाचा तपशील पुसला जातो, लाल पेशींवर चमकणारे ठिपके येतात आणि त्यांना परजीवी समजण्याची चूक होते. हेअर ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर, एक वीतभर अंतरावरून, स्लाइडच्या मागच्या बाजूला. गरम हवा समोरून मारली तर पेशी शिजतात.

रंगात दोन पर्याय आहेत. लीशमनचं तयार द्रावण, वागळे इस्टेटमधल्या हायमीडियाचंही मिळतं, स्वस्त आणि टिकाऊ. स्लाइडवर दोन मिनिटं तसंच, मग दुप्पट बफरचं पाणी, पीएच 6.8 ते 7.2, घालून आठ-दहा मिनिटं. पेशींनी गच्च भरलेल्या स्लाइडला आणखी थोडा वेळ लागतो. नळाचं पाणी वापरू नका, रंग निळ्याकडे झुकतो. दुसरा पर्याय तीन बरण्यांचा झटपट रंग. टेबलाजवळ लगेच ‘नमुना आला का’ बघायला तो हवाच, पण त्यात मास्ट सेलचे दाणे कधीकधी रंगत नाहीत आणि ती पेशी साधी गोल पेशी वाटते. मास्ट सेलचा संशय असेल तर लीशमन किंवा गिम्साच. कान-कातडीच्या नमुन्यांच्या बरण्या वेगळ्या ठेवा, नाहीतर मलासेझिया ही कातडीवरची बुरशी आणि जिवाणू पाणथरीच्या स्लाइडवर पोहत येतात. आणि मिथेनॉलच्या बरणीचं झाकण घट्ट लावा. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, मग लाल पेशींत पाण्याचे बुडबुडे दिसतात. पावसाळ्यात आठवड्याला बदललेलं बरं.

काम झाल्यावर कुत्र्याला लगेच उठवू नका. पाच-दहा मिनिटांनी प्रोब ठेवून सुईच्या जागेभोवती आणि मूत्राशयाजवळ मोकळा द्रव नाही ना ते बघा, अर्ध्या-एक तासाने पुन्हा. सुईच्या वाटेवर पातळ काळी रेघ दिसणं चालतं, ती वाढतेय का हे बघायचं. पीसीव्हीबरोबर टोटल सॉलिड्सही (रक्तातली प्रथिनं) मोजा, सुई घालण्याआधी आणि दोन-तीन तासांनी. रक्तस्राव झाल्यावर पाणथरी आकुंचन पावून राखीव लाल पेशी सोडते, त्यामुळे पीसीव्ही सुरुवातीला ठीक दिसू शकतो. प्रथिनं आधी उतरतात. हिरड्यांचा रंग, नाडी आणि पोटाचा घेर घरच्यांनाही दाखवून ठेवा. घरी गेल्यावर 24 तास जिने-उड्या बंद, आणि हिरड्या फिकट वाटल्या किंवा कुत्रा लटपटला तर सकाळची वाट न बघता परत आणायचं, हे तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, सुई घातल्याने कॅन्सर पसरणार नाही ना?” मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या काही कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेने पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, तिथे आम्हीही टाळतो. पाणथरीत बारीक सुईने असं होणं अगदी क्वचित. खरी भीती पोकळ, रक्ताळ गाठ फुटण्याची असते आणि म्हणूनच तिच्यात सुई घालायची नाही. हे असं उलगडून सांगितलं की माणसं ऐकतात.

पाठवताना चार ते सहा स्लाइड पाठवा, त्यातल्या निदान दोन न रंगवलेल्या. प्राण्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवा. माणसांच्या लॅबमधला मुलगा सवयीने स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतो, ते पॅप रंगासाठी बरोबर आहे, पण लीशमनच्या स्लाइडसाठी हवेत वाळवलेलीच हवी. चिठ्ठीवर नुसतं ‘स्प्लीन’ नको. वय, जात, गाठीचा आकार, घन की पोकळ, एक की अनेक, प्लेटलेट किती, गोचीड ताप झाला होता का, इतकं लिहिलं तर वाचणाऱ्याचं काम निम्मं सोपं होतं. निरोगी पाणथरीतही रक्तपेशी तयार होताना दिसतात, थोड्या मास्ट सेल असतात. ही माहिती नसेल तर वाचणारा त्यांना किती वजन द्यायचं ते ठरवू शकत नाही. स्लाइड फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर घाम येऊन पेशी फुटतात.

त्याच दिवशी कातडीची गाठ काढून फॉर्मेलिनच्या डबीत पाठवायची असेल, तर ती डबी आणि या स्लाइड एका पिशवीत घालू नका. बंद झाकणातूनही फॉर्मेलिनची वाफ झिरपते आणि स्लाइडवरच्या पेशी हिरवट-निळ्या, अस्पष्ट होतात, मग लीशमन कितीही वेळ ठेवा, रंग धरत नाही. स्लाइड प्लॅस्टिकच्या मेलरमध्ये (स्लाइड पाठवायची डबी), वेगळ्या पाकिटात, शक्यतो वेगळ्या कुरिअरने.